खांद्यावरचा ऑक्सिजन: पोर्टेबल यंत्र घेऊन बाहेर पडताना

आईला फुप्फुसाचा फायब्रोसिस होता, म्हणजे फुप्फुसं कडक होत जाण्याचा आजार. डॉक्टरांनी ऑक्सिजन लिहून दिला तेव्हा आम्ही मुद्दाम खांद्याला लावता येईल असं छोटं यंत्र आणलं, आणि पहिले दोन महिने ते तिच्या पलंगाशेजारी स्टुलावर ठेवून वापरलं. ती बसून असायची, यंत्रही बसून असायचं. बाहेर जायचा विषय निघाला की म्हणायची, "नाकात नळी घालून कुठे मिरवू?" घरातल्या घरात वापरायला मोठं, स्वस्त, स्थिर यंत्र चाललं असतं. छोटं आणलं होतं ते चालण्यासाठी, आणि नेमकं चालणंच थांबलं होतं.

तुमच्याकडे नुकतंच असं यंत्र आलं असेल, तर आम्ही ज्या क्रमाने शिकायला हवं होतं आणि उलट्या क्रमाने शिकलो, तो क्रम खाली देते. औषधोपचाराचे निर्णय तुमच्या डॉक्टरांचेच. बाकीचं बरंच काही आपल्या हातात असतं.

पहिली पायरी: आकडे लिहून घ्या

ऑक्सिजन हे औषध आहे, त्यामुळे त्याची मात्रा ठरलेली हवी. "दोनवर ठेवा" एवढंच ऐकून घरी येऊ नका. बसलेलं असताना किती, चालताना किती, झोपेत किती, हे तीन आकडे वेगवेगळे विचारा. चौथा आकडा म्हणजे ऑक्सिमीटरवर कोणती पातळी अपेक्षित आहे. निरोगी माणसाचं रीडिंग साधारण ९५ ते १०० असतं म्हणून आपणही तिथंच जायला हवं, असं वाटतं. पण सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद होत जाण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) ज्या रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असतो, त्यांना बहुतेकदा ८८ ते ९२ हीच पातळी सांगतात. अशा माणसाने आकडा ९८ व्हावा म्हणून बटण वाढवलं तर फायद्याऐवजी गुंगी येऊ शकते. फायब्रोसिसमध्ये लक्ष्य वेगळं असू शकतं, म्हणून शेजारच्या पेशंटचा आकडा आपल्याला लावायचा नाही.

पाचवा प्रश्न तासांचा. त्यामागे थोडा इतिहास आहे. १९८० साली अमेरिकेत सीओपीडीच्या रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. एका गटाने फक्त रात्री, साधारण १२ तास ऑक्सिजन घेतला. दुसऱ्याने जवळपास दिवसभर, सरासरी १८ तासांच्या आसपास. रात्रीच घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जवळजवळ दुप्पट निघालं. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या चाचणीत दिवसाला १५ तास ऑक्सिजन घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगले. "दिवसाला किमान १५ तास" हा नियम तिथून आला. आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या चाचणीत १५ तास आणि २४ तास यांची तुलना केली, तेव्हा वर्षभरातले मृत्यू किंवा भरती होणं यांत फरक दिसला नाही. म्हणजे काहींना दिवसाचे काही तास नळीशिवाय मिळू शकतात. मात्र ते तास कोणते, हे डॉक्टरांनाच विचारा. चालताना ज्यांची पातळी कोसळते, त्यांनी नेमकं चालतानाच नळी काढून ठेवणं हा उलटा हिशोब झाला.

दवाखान्यातून सुट्टी मिळताना ऑक्सिजन लागला असेल, तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी मागून घ्या. फुप्फुसं सावरतात तशी काहींची गरज संपते. "एकदा लावला की सुटत नाही", "फुप्फुसं आळशी होतात" या ऐकीव गोष्टी आहेत. ऑक्सिजनची सवय लागत नाही. आजार वाढला तर गरज वाढते, आणि लोक दोष यंत्राला देतात.

दुसरी पायरी: यंत्र श्वास कसा देतं ते समजून घ्या

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे विजेवर चालणारं हे यंत्र, ऑक्सिजन तयार करत नाही. आजूबाजूच्या हवेत तो २१ टक्के असतोच. यंत्र हवा ओढतं, झिओलाइट नावाच्या खड्यांमधून दाबाने सोडतं; खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ९० टक्क्यांच्या आसपास शुद्ध ऑक्सिजन पुढे जातो. म्हणून त्याला भरावं लागत नाही, फक्त वीज किंवा बॅटरी लागते. आणि म्हणूनच हवा आत घेण्याची जाळी शालीखाली किंवा बंद पिशवीत दाबून चालत नाही.

खांद्यावरची बहुतेक छोटी यंत्रं सतत प्रवाह सोडत नाहीत. तुम्ही श्वास घ्यायला सुरुवात केली की ते ओळखून एक झोत देतात. यात तोटा काही नाही, उलट काटकसर आहे. श्वासाच्या शेवटी आत जाणारी हवा तशीही श्वासनलिकेतच राहते. पण या यंत्रावरचा "२" म्हणजे मिनिटाला दोन लिटर नव्हे. तो फक्त त्या यंत्राचा दुसरा टप्पा असतो, आणि दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरचा दुसरा टप्पा त्याच्याशी जुळेलच असं नाही. आम्हाला दोन लिटर सांगितले होते म्हणून छोट्या यंत्रावरही दोन लावलं. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आईची पातळी ८१ झाली. तेव्हा कुठे कळलं.

आणखी एक मेख आहे. यातल्या बऱ्याच यंत्रांची मिनिटाला ऑक्सिजन काढण्याची मर्यादा ठरलेली असते. तुम्ही घाईने चालू लागलात, श्वास मिनिटाला १५ वरून ३० झाले, की तेवढाच ऑक्सिजन दुप्पट झोतांत वाटला जातो. प्रत्येक झोत लहान होतो. नेमकी गरज वाढते तेव्हाच हात आखडता! म्हणून यंत्र विकत किंवा भाड्याने घेण्याआधी ते लावून, ऑक्सिमीटर बोटाला अडकवून, तुमच्या नेहमीच्या वेगाने सहा मिनिटं चालून बघा. कॅटलॉगमधलं वजन आणि रंग नंतर बघता येतात. झोपेत तोंडाने किंवा फार उथळ श्वास घेणाऱ्यांचा श्वास अशा यंत्राला कळतोच असं नाही, त्यामुळे रात्री तेच वापरायचं का, हेही डॉक्टरांना विचारून ठरवा.

सिलिंडर असेल तर हिशोब सोपा आहे. टाकीचं आकारमान लिटरमध्ये आणि मीटरवरचा दाब बारमध्ये, यांचा गुणाकार म्हणजे आतला ऑक्सिजन. दोन लिटरच्या टाकीत १५० बार दाब असेल तर ३०० लिटर. मिनिटाला दोन लिटर लावले तर १५० मिनिटं. पण शेवटच्या थेंबापर्यंत मोजू नका. ५० बार शिल्लक असताना घरात असायचं असं ठरवलं तर हातात १०० मिनिटं उरतात, आणि दिवसाची आखणी त्या १०० मिनिटांवर करायची. द्रव ऑक्सिजनची छोटी टाकी हलकी असते आणि जास्त वेळ पुरते, पण तो वापरला नाही तरी हळूहळू उडून जातो. आज भरून परवासाठी ठेवून देण्यात अर्थ नाही.

तिसरी पायरी: धाप वेगळी, आकडा वेगळा

ऑक्सिमीटरवर ९३ असतानाही जीव घाबरा होईल इतकी धाप लागू शकते. आणि ८४ असताना काहीच न जाणवता माणूस गप्पा मारत बसू शकतो. धाप लागायला ऑक्सिजनची पातळी हे एकच कारण नसतं. अडकलेली हवा, थकलेले स्नायू, घट्ट झालेली छाती आणि भीती यांचाही त्यात वाटा असतो. म्हणून धाप लागली की लगेच बटण वाढवायचं नाही. आधी बोट बघायचं. पातळी ठरलेल्या हद्दीत असेल तर उपाय श्वासात आहे.

तो असा. उभे असाल तर टेबलावर, कठड्यावर हात टेकून थोडं पुढे झुका; बसला असाल तर कोपरं मांड्यांवर टेका. खांदे सैल सोडा. नाकाने श्वास घेत मनात दोनपर्यंत मोजा, मग ओठांचा चंबू करून, दिवा न विझवता ज्योत फक्त हलवायची असावी इतक्या हळू, चारपर्यंत मोजत सोडा. ओठ आवळल्याने श्वासनलिका जास्त वेळ उघड्या राहतात आणि अडकलेली हवा बाहेर पडते. घ्यायची घाई करू नका, सोडण्यावर लक्ष द्या. बरं वाटत असताना दिवसातून चार वेळा सराव केला तरच अडचणीच्या वेळी हे आठवतं. घाबरल्यावर कुणालाच काही शिकता येत नाही.

भीतीचं चक्र ओळखून ठेवा: धाप लागते, भीती वाटते, श्वास भराभर होतो, त्याने धाप आणखी वाढते. पुढच्या वेळी माणूस जिन्याकडे बघूनच थांबतो. चालणं कमी झालं की पायांचे स्नायू रोडावतात, आणि रोडावलेल्या स्नायूंना तेवढ्याच कामाला जास्त ऑक्सिजन लागतो. फुप्फुस होतं तिथेच आहे, पण आयुष्य आखूड झालं. आईच्या त्या दोन महिन्यांत हेच घडलं होतं आणि आम्हाला वाटत होतं, आजार वाढतोय.

ऑक्सिमीटरबद्दल दोन शब्द. बोट गार असेल, नेलपॉलिश असेल, हात हलत असेल तर आकडा फसवा येतो. सावळ्या-काळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा थोडा जास्त दिसू शकतो, हे २०२० मधल्या एका अभ्यासानंतर बरंच चर्चेत आलं. म्हणून रीडिंग हद्दीवर असेल आणि माणूस मलूल दिसत असेल, तर माणसावर विश्वास ठेवा. आणि बसल्या बसल्या दर पाच मिनिटांनी बघू नका. ते यंत्र चिंतेचं व्यसन लावतं. चालण्याआधी, चालताना मध्ये एकदा आणि थांबल्यावर, एवढं पुरे.

चौथी पायरी: आधी घरात

आंघोळ हे सगळ्यात दमवणारं काम. हात डोक्यावर जातात, वाफ असते, वाकावं लागतं. स्टुलावर बसा, पाणी कोमट ठेवा, दार थोडं उघडं राहू द्या, आणि नळी लावलेलीच ठेवा. तिला पाण्याने काही होत नाही, यंत्र मात्र बाहेर कोरड्या जागी हवं. अंग पुसत उभं राहण्यापेक्षा मोठा टॉवेल गुंडाळून पाच मिनिटं बसून राहा. तो आपोआप पुसतो.

बाकी कामांना एकच गुरुकिल्ली: जोर लावताना श्वास सोडायचा. उठताना, वाकताना, काही उचलताना, पायरी चढताना. माणूस नेमका तेव्हाच श्वास रोखून धरतो. आणि विश्रांती धाप लागायच्या आधी घ्यायची, नंतर नाही. चार पायऱ्या सहज चढता येत असतील तर तिसरीवर थांबा. हे आईला पटायला सगळ्यात जास्त वेळ लागला. "अजून दमले नाही तर थांबू कशाला?" तिचं म्हणणं. पण तिसरीवर थांबून ती वर पोचायची, न थांबता गेली की सातवीवर बसायची.

कानामागे नळी रुतते, तिथे मऊ कापडाची किंवा फोमची गादी लावा. नाक कोरडं पडलं तर पाण्यावर आधारित जेल. व्हॅसलीनसारखं पेट्रोलियमचं काही नको, कारण आगीत ते भर घालतं. नाकातली नळी दोन ते चार आठवड्यांनी बदला, आणि सर्दी होऊन गेली की लगेच. यंत्राची जाळी आठवड्यातून एकदा धुऊन, पूर्ण वाळवून लावा.

पाचवी पायरी: पहिली फेरी

पहिल्या दिवशी दहा मिनिटं. जाताना पाच, येताना पाच, सपाट रस्ता, ओळखीचा. बरोबर एकच माणूस असावा आणि त्याने बोलायला लावू नये. चालताना बोलणं हे दुप्पट काम आहे. बॅटरी एक तृतीयांश संपली की परत फिरायचं, कितीही छान वाटत असलं तरी. पुढच्या आठवड्यात दोन मिनिटं वाढवा. वेग नाही, वेळ वाढवायचा.

लोक बघतात. हे खोटं सांगण्यात अर्थ नाही. मुलं तर जवळ येऊन विचारतात. आईने एक वाक्य पाठ केलं होतं: "माझी फुप्फुसं अशक्त आहेत, हे मला जास्तीची हवा देतं." एवढं सांगितलं की मुलांचं समाधान होतं आणि ती पळून जातात. मोठी माणसं न विचारता बघत राहतात, त्यांच्याकडे बघून हसायचं हा तिचा उपाय. लाज कमी झाली ती आधी नव्हे, बाहेर पडल्यावर. आठव्या-दहाव्या फेरीला कधीतरी.

बरोबर नेणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. यंत्र त्यांच्या खांद्याला पेलत असेल तर त्यांनाच घेऊ द्या, नसेल तर चाकांची गाडी द्या. तुम्ही यंत्र घेऊन मागून चालत राहिलात की त्यांचा वेग, वळणं, थांबणं सगळं तुमच्या नळीच्या टोकाला बांधलं जातं.

सहावी पायरी: व्यायाम

पल्मोनरी रिहॅबिलिटेशन नावाचा कार्यक्रम जवळपास मिळत असेल तर काहीही करून जा. साधारण सहा ते बारा आठवडे, आठवड्यातून दोन-तीन वेळा, देखरेखीखाली चालणं, हातापायांचे व्यायाम, श्वासाचं तंत्र. फुप्फुसाची क्षमता त्याने वाढत नाही, तरीही धाप कमी होते आणि अंतर वाढतं, कारण फायदा स्नायूंना होतो. घरी पुढे चालू ठेवलं नाही तर वर्षभरात कमावलेलं बरंच ओसरतं.

ही कल्पना नवी नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात डॉ. थॉमस पेटी आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना द्रव ऑक्सिजनची, अंगावर वागवता येणारी टाकी देऊन चालायला लावलं, तेव्हा असे रुग्ण खुर्चीत बसूनच असायचे. पोर्टेबल ऑक्सिजनचा जन्मच मुळी चालण्यासाठी झालाय.

फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी डॉक्टरांना विचारून वेळेवर घ्या. एका साध्या संसर्गाने तीन महिन्यांची कमाई आठवड्यात जाते.

आग: इथे चर्चा नको

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला भडकवतो. कपडे, केस, पांघरूण यांत तो मुरतो. विडी-सिगारेट, ई-सिगारेटसुद्धा, घरात कुणीच नाही. पेटती शेगडी, मेणबत्ती, समई यांच्यापासून तीन मीटर दूर. यंत्र बंद करून लगेच ज्योतीजवळ जायचं नाही. वीस मिनिटं मोकळ्या हवेत जाऊ द्या. नळी चालू ठेवून गादीवर टाकायची नाही. हाताला लावलेलं सॅनिटायझर पूर्ण सुकू द्या. सिलिंडरच्या झडपेला तेल-ग्रीस कधीच लावू नका, गाडीत तो घट्ट बांधा, उन्हात गाडीत ठेवून जाऊ नका.

वीज जाणार हे गृहीत धरूनच चला. कॉन्सन्ट्रेटर असेल त्या घरात एक भरलेला सिलिंडर हवा, आणि तो उघडता येणारी किमान दोन माणसं.

लांबचा प्रवास

विमानाच्या केबिनमधली हवा जास्तीत जास्त ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ असू शकते. जमिनीवर १५ टक्के ऑक्सिजन असलेली हवा घेतल्यासारखं ते असतं. म्हणजे जमिनीवर न लागणाऱ्यालाही वर लागू शकतो, आणि लागणाऱ्याला मात्रा वाढवावी लागू शकते. तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारा, मग विमान कंपनीला. यंत्राचं मॉडेल मान्य आहे का, डॉक्टरांचं पत्र कोणत्या नमुन्यात हवं, किती आधी कळवायचं, हे सगळं लेखी घ्या. अमेरिकेत प्रवासाच्या दीडपट वेळ पुरतील इतक्या बॅटऱ्या कंपनी मागू शकते. कुणी मागो न मागो, हिशोब तोच ठेवा. जास्तीच्या बॅटऱ्या हातातल्या सामानात. स्वतःचा सिलिंडर अनेक कंपन्या चालवून घेत नाहीत.

कधी थांबायचं, कधी पळायचं

त्याच दिवशी डॉक्टरांना फोन: कफाचा रंग बदलला किंवा प्रमाण वाढलं, पाय सुजले, नेहमीच्या कामाला नेहमीपेक्षा जास्त धाप लागतेय, सकाळी डोकं दुखत उठताय, दिवसा विनाकारण झोप येतेय. शेवटची दोन लक्षणं कार्बन डायऑक्साइड साठत असल्याची असू शकतात, म्हणून तेव्हा मनाने ऑक्सिजन वाढवू नका. ओठ निळे-जांभळे, बोलताना वाक्य पुरं होत नाही, माणूस भांबावलेला, छातीत दुखतंय, विश्रांती घेऊनही पातळी वर येत नाही: थेट रुग्णवाहिका.

मनाचंही इथेच सांगते. सलग दोन आठवडे कशातच रस वाटत नसेल, झोप उडाली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचं लक्षण आहे. या आजारात उदासी आणि चिंता फार आढळतात, आणि त्यांच्यावर उपचार आहेत. "एवढं आजारपण म्हटल्यावर वाटणारच" म्हणून सोडून देऊ नका.

एक वही ठेवा. रोज तीनच नोंदी: किती मिनिटं चाललात, चालताना सगळ्यात कमी आकडा किती, आणि आज काय केलंत. पुढच्या तपासणीला डॉक्टर पहिल्या दोन नोंदी बघतील. आईच्या वहीत तिसरा रकाना पहिल्या महिन्यात जवळजवळ कोराच होता. मग तिथे "कोपऱ्यापर्यंत", "बाकावर बसले", "वाचनालय, पुस्तक बदललं" असं दिसू लागलं, आणि एका पानावर नुसतं "उशीर झाला, बॅटरी पुरली".